कुरसुराच्या पोटात आपली मुलं जायला हवीत, हातभार लावा

नमस्कार मंडळी,

आपल्या वाचनालयाच्या बालविभागातल्या २८ मुलांना नाताळच्या सुट्टीत विशाखापट्टणमला न्यायचं कमिटीने ठरवलंय आणि पैसे कमी पडतायत, म्हणून हे लिहितोय. तिथे रामकृष्ण बीचवर आयएनएस कुरसुरा ही आपल्या नौदलाची खरीखुरी पाणबुडी किनाऱ्यावर आणून ठेवलीय, एका बाजूने आत शिरायचं आणि चालत चालत दुसऱ्या बाजूने बाहेर यायचं. मॉडेल नाही, समुद्रात ३१ वर्षं नोकरी केलेली बोट आहे.

हे खूळ आलं कुठून ते आधी सांगतो. आपल्या वाड्यावरचे काका सगळ्यांना माहीत आहेत, नाव लिहू नका म्हणालेत म्हणून लिहीत नाही. नेव्हीत पाणबुडीवर होते, त्यातली काही वर्षं याच कुरसुरावर. मे महिन्यात आम्ही त्यांना मुलांशी दोन शब्द बोला म्हणून बोलावलं. पाच मिनिटं बोलले आणि गप्प बसले, म्हणाले असं सांगून नाही कळणार. दुसऱ्या दिवशी येताना वेताची एक गोल रिंग वळून घेऊन आले, दोन बाकांच्या मध्ये सुंभाने बांधली आणि म्हणाले हे पाणबुडीतलं एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं दार, चला या पलीकडे. पहिला पोरगा डोकं घालून शिरला आणि खांद्यात अडकला. मग काकांनी दाखवलं, वरची दांडी धरायची, आधी पाय आत टाकायचे आणि मग अंग सोडून द्यायचं. या वयात, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असताना. त्या दिवशी दुपारी जेवायला घरी जा म्हणून सांगावं लागलं मुलांना, रिंगेसमोर लाईन लागली होती.

त्यानंतर दर रविवारी काका येतात. बादलीत बाटली बुडवून दाखवली, बाटलीत पाणी शिरलं की ती खाली जाते, नळीने फुंकून पाणी बाहेर काढलं की वर येते, पाणबुडीच्या टाक्यांचं तेच, फक्त फुंकायला दाबून भरलेली हवा असते. इंजिन डिझेलचं, आणि डिझेलला जळायला हवा लागते, म्हणून खोल पाण्यात इंजिन बंद आणि सगळं बॅटरीवर. बॅटरी उतरली की पुन्हा वर यायचं, निदान हवेची नळी पाण्याबाहेर निघेल इतकं तरी, आणि चार्ज करायची. शत्रूला तुम्ही सापडता ते तेव्हा. हे ऐकताना सातवीतल्या एका मुलीने विचारलं, काका मग रात्री झोप लागायची? काका म्हणाले, टॉर्पेडोच्या बाजूला बंक होता, झोप छान लागायची, आंघोळ मात्र नसायची, गोडं पाणी पिण्यापुरतं आणि स्वयंपाकापुरतं. साधारण ७५ माणसं त्या नळकांड्यात. मुलं वर्गात हे सगळं पाठ करतील हो, पण त्या ७५ जणांच्या जागेत स्वतः उभं राहून वर हात लावून बघणं वेगळं.

कुरसुरा सोव्हिएत रशियात बांधलेली, १८ डिसेंबर १९६९ ला नौदलात आली, १९७१ च्या युद्धात अरबी समुद्रात गस्तीवर होती, २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त झाली. लांबी ९१ मीटरच्या वर, म्हणजे आपल्या देवळाच्या दीपस्तंभापासून तळीपर्यंत सहज जाईल. एवढं धूड पाण्यातून ओढून वाळूवर आणायला आणि बसवायला साधारण साडेपाच कोटी खर्च आला, आणि ऑगस्ट २००२ पासून ती लोकांसाठी उघडी आहे. आत माहिती सांगायला नौदलातूनच रिटायर झालेली माणसं असतात.

आणि गोव्याचा संबंध काय म्हणाल तर आहे. कुरसुराच्या समोरच रस्त्यापलीकडे टीयू-१४२ हे विमान ठेवलंय, पाणबुड्या शोधून मारणारं, ते म्युझियम डिसेंबर २०१७ मध्ये उघडलं. ही विमानं रशियाहून १९८८ मध्ये भारतात आली ती पहिल्यांदा आपल्या दाबोळीला, पुढे मग तामिळनाडूत अरक्कोणमला गेली. वास्को भागातल्या जुन्या लोकांना ती चार इंजिनांची अजस्र विमानं आठवत असतील. बोगमाळ्याच्या नेव्हल एव्हिएशन म्युझियममध्ये आपण मुलांना नेलंच आहे, सी हॉक, सुपर कॉन्स्टेलेशन ही जुनी विमानं सगळी बघून झालीयत. आता वरून शोधणारा आणि खाली लपणारा दोघं एका रस्त्यावर बघायला मिळतील.

पुढच्या वर्षी जाऊ असंही काही जण म्हणतात. मंडळी, विक्रांतच्या वेळी आपण हेच म्हटलं होतं. मुंबईला जहाज म्युझियम म्हणून उभं होतं, आपण यंदा नको पुढच्या वर्षी करत राहिलो, २०१२ मध्ये ते बंद झालं आणि २०१४ मध्ये भंगारात गेलं. त्या बॅचची मुलं आता नोकरीला लागलीत, त्यांना आपण विक्रांत दाखवू शकलो नाही याची मला अजून हळहळ आहे. कुरसुरा कुठे जात नाही, पण काका ७६ वर्षांचे आहेत. डॉक्टरांनी यंदा प्रवासाला हरकत नाही म्हटलंय. काका बरोबर असताना, त्यांनी स्वतःचा बंक बोट दाखवून सांगावा, यासाठी ही सगळी धडपड आहे.

आता हिशेब. २८ मुलं, काका धरून ५ मोठी माणसं, मडगावहून अमरावती एक्स्प्रेसने स्लीपरने जाऊन येणं, राहणं, जेवण, तिकिटं, मिळून १,९२,००० रुपये. २१ मुलांच्या घरून प्रत्येकी २,००० आले ते ४२,०००, वाचनालयाने ३०,००० बाजूला काढलेत. कमी पडतात १,२०,०००. उरलेल्या ७ मुलांच्या घरी आम्ही पैसे मागितलेच नाहीत, मागणारही नाही, आणि ती कोण हे कुणी विचारू नये ही विनंती. एका माणसामागे साधारण ५,८०० पडतात, कुणाला एका मुलाचा पूर्ण खर्च उचलता आला तर उत्तमच, नाहीतर १०० रुपये दिलेत तरी पावती मिळेल आणि तेवढ्याच आनंदाने मिळेल. दुबई-लंडनला असलेल्या आपल्या पोरांपर्यंतही हे पोचवा.

पैसेच हवेत असं नाही. गाडीत एक रात्र जाते, जाताना दोन वेळच्या चपात्या, सुकी भाजी कुणी करून देत असेल तर महिला मंडळाकडे सांगा, लाडू त्यांनी आधीच कबूल केलेत. विशाखापट्टणमला कुणाची ओळख असेल, स्वस्त आणि स्वच्छ राहायची सोय माहीत असेल तर खूप मदत होईल, आम्हाला तेलुगूचा गंध नाही. एखादी नर्स किंवा डॉक्टर बरोबर यायला तयार असेल तर त्यांचं तिकीट आम्ही काढू.

देणगी रोख किंवा चेकने वाचनालयात संध्याकाळी ५ ते ८ मध्ये द्यावी, यूपीआयचा क्यूआर कोड काउंटरवर लावलाय, दुसऱ्या कुणी पाठवलेल्या नंबरवर पैसे टाकू नका. रेल्वेचं रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतं आणि नाताळची गर्दी तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे ऑक्टोबरच्या १५ तारखेपर्यंत रक्कम हातात हवी. ट्रिप झाल्यावर पै न पैचा हिशेब नोटीस बोर्डावर लावू, काही उरलंच तर बालविभागाच्या पुस्तकांना जाईल.

वेताची रिंग अजून वाचनालयात बांधलेली आहे, येऊन एकदा पलीकडे जाऊन बघा.

देव बरें करो.

वाचनालयाच्या कमिटीच्या वतीने,
चिटणीस