साप्ताहिक साफसफाईचा मोबदला तासांच्या हिशेबाने ठरावा

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

पुण्याच्या पश्चिम भागातील आमच्या गृहनिर्माण सोसायटीच्या सूचनाफलकावर गेल्या महिन्यात घरकामाचे दरपत्रक लावण्यात आले. धुणे, भांडी, केर-फरशी आणि स्वयंपाक यांचे महिन्याचे दर त्यात आहेतच. शिवाय आठवड्यातून एकदा येऊन सगळे घर आणि दोन्ही न्हाणीघरे घासून देणाऱ्या बायकांसाठी ‘प्रति खेप 250 रुपये’ असा आकडा घालून, याहून जास्त पैसे देऊन सभासदांनी इतरांची अडचण करू नये, अशी सूचना खाली छापली आहे. हे दर ज्या बैठकीत ठरले, तिला हे काम करणाऱ्या एकाही बाईला बोलावलेले नव्हते. असे अलिखित दर अनेक वसाहतींत पाळले जातात, त्यामुळे हा प्रश्न आमच्या एका इमारतीपुरता नाही, असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

आठवड्याचे काम हे रोजच्या केर-फरशीपेक्षा वेगळे काम आहे, ही गोष्ट दर ठरवताना हमखास विसरली जाते. रोज झाडलेल्या घरात फडा फिरवायला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. आठ दिवस साचलेले घर साफ करायला फर्निचर सरकवावे लागते, कोपऱ्यांतली जळमटे काढावी लागतात, स्टुलावर चढून पंखे पुसावे लागतात, ओट्याच्या मागच्या फरशांवरचा फोडणीचा चिकट थर खरवडावा लागतो. आमच्या भागात वर्षाचे बरेच महिने टँकरचे किंवा बोअरचे पाणी वापरावे लागते. त्या पाण्यातल्या क्षारांचे पांढरे डाग नळांवर, शॉवरवर आणि भिंतीच्या फरशांवर धरतात. ते नुसत्या साबणाने जात नाहीत. आधी औषध लावून ठेवायचे, मग घासणीने एकेक फरशी घासायची आणि शेवटी कोरड्या फडक्याने पुसायची, तेव्हा कुठे त्या दिसण्यासारख्या होतात. एका न्हाणीघराला पाऊण तास सहज लागतो. दोन शयनगृहांच्या घराचे हे सारे काम मनापासून केले, तर तीन तासांच्या आत होत नाही.

तीन तासांचे 250 रुपये म्हणजे तासाला त्र्याऐंशी रुपये झाले. वरवर पाहता हा आकडा फार वाईट वाटत नाही, कारण आपण तो आपल्या घरापुरता पाहतो. तो बाईच्या बाजूने मांडून पाहायला हवा. अशा जड कामाची दिवसाला दोन घरे होतात. तिसरे घर धरले, तर दोन घरांमधली पायपीट किंवा बसची वाट पाहणे धरून दिवस दहा-अकरा तासांचा होतो आणि तिच्या स्वतःच्या घरचे काम त्यानंतर उरतेच. आठवड्याची एक सुट्टी धरून महिन्याला 26 दिवस काम केले, तर 52 खेपा होतात. मात्र त्यांपैकी काही दिवस ती स्वतः आजारी असते, काही सणावारात जातात, आणि काही वेळा ‘आम्ही गावाला चाललोय, या आठवड्यात येऊ नका’ असा निरोप येतो. हे सारे वजा करता प्रत्यक्षात पैसे मिळणाऱ्या खेपा 44 च्या आसपास राहतील, असे धरू. 250 रुपयांच्या दराने त्यांचे 11,000 रुपये होतात. पुण्यात वस्तीतल्या एका खोलीचे भाडे, वीज, गॅस, किराणा आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च यात कसा बसवायचा, हे दरपत्रक तयार करणाऱ्यांनी कागदावर मांडून दाखवावे.

हाच हिशेब उलट दिशेने केला, तर योग्य दर आपोआप समोर येतो. पूर्ण वेळ कष्ट करणाऱ्या बाईला महिन्याला निदान 20,000 रुपये सुटावेत, एवढी साधी अपेक्षा धरली, तर 44 खेपांनी भागून एका खेपेचे साधारण 455 रुपये येतात. जाण्या-येण्याचा खर्च मिळवला की तीन तासांच्या कामाला 500 रुपये हा दर ठरतो. मला हा दर चैनीचा वाटत नाही. ज्यांना 20,000 ही अपेक्षा जास्त वाटते, त्यांनी स्वतःचा आकडा घालून हाच भागाकार करावा. पण दर शेजाऱ्याला विचारून ठरवण्याऐवजी अशा पद्धतीने ठरवावा, एवढाच माझा आग्रह आहे. शेजारचा दर हा बहुधा तीन-चार वर्षांपूर्वी कोणीतरी घासाघीस करून पाडलेला असतो आणि पुढे सगळे जण एकमेकांकडे बोट दाखवून तोच चालू ठेवतात.

गीझर बिघडला तर येणारा कारागीर नुसते पाहायला आल्याचे पैसे वेगळे घेतो आणि आपण ते देतो, कारण त्याच्या येण्या-जाण्याला किंमत आहे हे आपण मान्य केले आहे. मोबाइलवरून कंपनीमार्फत न्हाणीघराची सफाई मागवली, तर पडद्यावर दिसणारी रक्कम निमूटपणे भरतो. घासाघीस सुरू होते ती दारात उभ्या असलेल्या बाईशी. तिच्या हातात छापील दरपत्रक नसते, हे एवढे एकच कारण मला त्यामागे दिसते.

सर्वांत मोठा अन्याय खाड्यांच्या बाबतीत होतो. शनिवारची सकाळ एका घरासाठी ठरली की त्या वेळेला ती बाई दुसरे काम धरू शकत नाही. आपण तिचा शनिवार राखून ठेवलेला असतो. अशा वेळी आपण परगावी जाणार म्हणून आदल्या रात्री निरोप द्यायचा आणि त्या आठवड्याचे पैसे कापायचे, हे कोणत्याही व्यवहारात बसत नाही. आपल्या सोयीने काम रद्द केले तर पूर्ण पैसे द्यावेत. आठवडाभर आधी कळवून तिला ती वेळ दुसरीकडे लावता आली, तर गोष्ट वेगळी. तिच्या आजारपणाच्या वर्षातून निदान चार खेपा भरपगारी धराव्यात. दिवाळीला घरकामगारांना एक महिन्याचा पगार बोनस देण्याचा प्रघात पुण्यात चांगला रुजला आहे. साप्ताहिक काम करणाऱ्या बाईला मात्र साडी किंवा मिठाईवर बोळवण होते. तिलाही चार खेपांचे पैसे रोख मिळायला हवेत. दरवाढीसाठीही गुढीपाडव्यासारखा एखादा दिवस आधीच ठरवून टाकावा, म्हणजे प्रत्येक वेळी तिला चाचरत विषय काढावा लागणार नाही.

आमच्या इमारतीत निवृत्तिवेतनावर जगणारी बरीच ज्येष्ठ मंडळी आहेत आणि वाढीव दर परवडणार नाही ही त्यांची अडचण खरी आहे. त्यांना माझी विनंती अशी की, दर पाडू नये, काम कमी करावे. दर आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी बोलवावे, वापरात नसलेली खोली वगळावी, पंखे आणि खिडक्या दोन महिन्यांतून एकदा ठेवाव्यात. दीड तासाच्या कामाचे 250 रुपये देणे रास्त आहे. तीन तासांचे काम सांगून तेवढेच देणे रास्त नाही. ‘बाई लवकर आटपून जाते’ या तक्रारीवरही हाच उपाय आहे. कोणती कामे दर खेपेला आणि कोणती आळीपाळीने करायची, हे सुरुवातीलाच दोघांनी बसून ठरवले, तर कुरबुरीला जागा राहत नाही.

या व्यवहारात कायदा फारसा मदतीला येत नाही, म्हणून घराघरांतल्या न्यायबुद्धीवर जास्त भार पडतो. किमान वेतनाचा 1948 चा कायदा 2025 मध्ये वेतन संहितेत सामावला जाईपर्यंत लागू होता. कर्नाटकाने घरकामाचा त्यात समावेश करून 2004 मध्ये दर जाहीर केले. महाराष्ट्राने 2008 मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, पण त्याचा भर नोंदणी आणि कल्याणकारी मदतीवर आहे. वेतनाचा दर त्यातून ठरत नाही. घरकामगारांसाठीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा 189 वा करार 2011 मध्ये झाला. त्यावर भारताने अनुसमर्थनाची मोहोर अजून उमटवलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये घरकामगारांसाठी कायदेशीर चौकटीचा विचार करण्याकरिता समिती नेमण्यास केंद्र सरकारला सांगितले. हे सारे जिथे पोहोचायचे तिथे पोहोचेल तेव्हा पोहोचेल. पुण्यापुरते बोलायचे, तर 1980 मध्ये याच शहरातल्या मोलकरणींनी उत्स्फूर्त संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. पगारवाढ, सुट्टी आणि बोनस या गोष्टी ज्या शहरात या बायकांनी काम बंद ठेवून मागून घेतल्या, त्याच शहरात आज त्यांना न विचारता त्यांच्या मजुरीला कमाल मर्यादा घातली जावी, याचे मला मनापासून दुःख होते.

मोबदल्याच्या जोडीने एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. संडास धुण्यासाठी आपण आणून देतो ते ॲसिड आणि जंतुनाशक म्हणून दिलेली ब्लीचिंग पावडर एकत्र आली, तर क्लोरीनचा विषारी वायू तयार होतो. बंद न्हाणीघरात काम करणाऱ्या बाईचे डोळे चुरचुरतात, छाती भरून येते, आणि पुष्कळदा तिला त्याचे कारणही ठाऊक नसते. रबरी हातमोजे, लांब दांड्याचा ब्रश आणि धड उभे राहणारे स्टूल ही घरमालकाची जबाबदारी आहे. हा खर्च तिच्या पैशांतून निघता कामा नये.

सोसायटीच्या व्यवस्थापन समितीला मी लेखी कळवले आहे की ते दरपत्रक काढून घ्यावे आणि दरांची चर्चा करायचीच असेल, तर कामाला येणाऱ्या बायकांना सोबत घेऊन दुपारी दोन ते चारच्या दरम्यान बैठक ठेवावी, कारण सकाळची कामे आटोपून संध्याकाळची सुरू होण्याआधी तेवढीच वेळ त्यांना मोकळी असते. आपल्या वृत्तपत्राच्या वाचकांना आणखी एक विनंती आहे. कल्याण मंडळाकडे नोंदणी करताना बाई आपल्याकडे काम करते असे घरमालकाने लिहून द्यावे लागते आणि पुढे काही लफडे नको म्हणून अनेक जण सही करायला नकार देतात. करोनाच्या काळात, एप्रिल 2021 मध्ये, राज्य सरकारने नोंदणीकृत घरेलू कामगारांना 1,500 रुपयांची मदत जाहीर केली तेव्हा नोंदणी नसलेल्या बायका तिच्याबाहेर राहिल्या. त्या सहीने आपल्यावर कोणताही आर्थिक बोजा येत नाही. आठवड्यातून एकदा येणाऱ्या बाईलाही ती सही देता येते. तिने कागद पुढे करण्याची वाट न पाहता, यंदा नोंदणी केली आहे का, हे आपणच तिला विचारावे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे