सुट्टीच्या गावाला जावे की नाही: दादास पत्र

लेस्टर, इंग्लंड
रविवार

ति. स्व. दादास,
सा. न. वि. वि.

तुम्ही इकडे आलात की इथल्या एका सुट्टीच्या गावात तीन रात्री राहू, असे मी परवा फोनवर सुचवले, त्यावरचे तुझे बोलणे माझ्या मनातून गेलेले नाही. "तीन रात्रींचे एवढे पैसे, आणि तेही एका बनवलेल्या गावात राहण्यासाठी? त्यापेक्षा मामाच्या मळ्यात जाऊन राहू," असे तू म्हणालास, आणि मागून आई "आधी तिचे ऐकून तर घे" असे म्हणाल्याचेही मला ऐकू आले. फोनवर आपण दोघेही घाईत असतो, म्हणून आज सकाळची सगळी कामे बाजूला ठेवून सविस्तर लिहायला बसले आहे. तुम्ही पाचही जण पहिल्यांदाच इकडे येत आहात आणि त्यासाठी बाबांनी मुदत ठेव मोडली आहे, हे मी विसरलेले नाही. त्यातला एक पौंडही उगाच जाऊ नये असे मलाही तुझ्याइतकेच वाटते.

ही सुट्टीची गावे, म्हणजे सुट्टीत भाड्याने राहण्यासाठी बांधलेल्या वसाहती, बहुतेक पाइनच्या जंगलात असतात. काही शे घरे झाडांत विखुरलेली असतात आणि मध्यभागी दुकाने, खाण्याच्या जागा व काचेच्या छपराखालचा पोहण्याचा तलाव असतो. घरांना इथे लॉज म्हणतात, पण त्यावरून आपल्या नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या लॉजचे चित्र डोळ्यांसमोर आणू नकोस. चार खोल्या, बैठक, स्वयंपाकघर आणि मागे झाडांकडे तोंड केलेला ओटा असे ते पुरते घर असते. शुक्रवार ते सोमवार किंवा सोमवार ते शुक्रवार अशाच मुदती मिळतात, मधलेच दोन दिवस हवे असले तर मिळत नाहीत. गाडी आत न्यायची ती सामान उतरवण्यापुरती. त्यानंतर ती वेशीजवळच्या वाहनतळावर उभी करायची आणि निघण्याच्या दिवसापर्यंत तिच्याकडे पाहायचेही नाही.

आता पैशांचे. गेल्या पावसाळ्यात तुम्ही इगतपुरीला गेलात तेव्हा दर माणशी होता आणि त्यात नाश्ता, दोन वेळचे जेवण व संध्याकाळचा चहा धरलेला होता. इथे दर घराचा असतो आणि त्यात जेवण नसते. मी जूनमधल्या शुक्रवार ते सोमवार या तीन रात्रींसाठी आठ जणांच्या घराचा भाव काढला, तो सुमारे १,२०० पौंड आला. आकडा एकदम ऐकला की छातीत धस्स होते, हे खरे आहे. पण आठांत वाटला तर माणशी रात्रीचे ५० पौंड होतात, म्हणजे साडेपाच ते सहा हजार रुपये. लंडनमध्ये आठ जणांना हॉटेलच्या चार खोल्या घ्याव्या लागतात आणि त्या याहून महाग पडतात, शिवाय चार खोल्यांत चार दारे लावून बसलेले कुटुंब एकत्र राहिले असे मला तरी म्हणवत नाही. तलाव, पायवाटा आणि मुलांची खेळण्याची मैदाने या भाड्यातच येतात. धनुर्विद्या, झाडांवरून दोरीने जाण्याचा खेळ, मातीची भांडी रंगवणे, भाड्याच्या सायकली, या सगळ्यांचे मात्र वेगळे पैसे पडतात, आणि खिसा कापला जातो तो इथेच.

माझी चूक तुला सांगितलीच पाहिजे. दोन वर्षांपूर्वी सासूबाई सिन्नरहून आल्या होत्या, तेव्हा आम्ही अशाच एका गावात चार रात्री राहिलो. पैसे वसूल व्हायला हवेत या एकाच विचाराने मी निघण्यापूर्वीच सात खेळ नोंदवून ठेवले. परिणामी दोन दिवस आम्ही घड्याळाकडे पाहत पळत होतो. झाडावर चढण्याच्या खेळाची वेळ सकाळी दहाची होती. वाटेत सायकलची साखळी निघाली, आम्ही बारा मिनिटे उशिरा पोहोचलो, आणि गट वर गेलेला असल्यामुळे मुलाला घेतले नाही. पैसेही परत मिळाले नाहीत. तो तिथेच पायरीवर बसून रडला. तिसऱ्या दिवशी मी उरलेल्या खेळांचा नाद सोडला, आणि त्या गावाचा खरा उपयोग मला त्या दिवसापासून कळला.

त्या दुपारी आमचे मूल सायकल घेऊन बाहेर पडले आणि वळणाआड दिसेनासे झाले. सवयीप्रमाणे मी हाक मारायला तोंड उघडले, आणि हाक मारण्याचे काही कारणच नाही हे माझ्या लक्षात आले. रस्त्यावर मोटार नव्हती, हॉर्न नव्हता, फक्त सायकलींच्या घंटा आणि पायाखाली पाइनच्या सुया. अर्ध्या तासाने तो परत आला तो घामाने थबथबलेला, गुडघा खरचटलेला आणि अतिशय खूश. दादा, छकुली दहा वर्षांची झाली तरी कॉलेज रोडवर तू तिला एकटीला सायकल देत नाहीस, आणि देऊही नयेस, तिथली वाहने मी पाहिली आहेत. पण आपल्या लहानपणी पंडित कॉलनीतल्या दुकानातून तासाच्या भाड्याने सायकल आणायचो आणि तू माझी सीट धरून मागे धावायचास, ते तिच्या वाट्याला आलेले नाही. मी या गावाचे पैसे मोजायला तयार आहे ते मुख्यतः यासाठी. बाकी सगळे असले तर चांगले, नसले तरी चालेल.

सासूबाईंचेही सांगते. त्यांना पोहता येत नाही. तलावाच्या छपराखाली त्या स्वेटर घालूनच आल्या आणि दारातच त्यांच्या चष्म्यावर वाफ धरली. चष्मा पुसून पाहतात तो समोर केळीचे झाड. त्यांनी जवळ जाऊन पान दोन बोटांत धरले, खरे आहे की कागदाचे ते नखाने हळूच तपासले, आणि मग त्याच झाडाशेजारच्या खुर्चीवर स्वेटर काढून दोन तास बसून नातवाला पोहताना पाहत राहिल्या. इंग्लंडात आल्यापासून त्या दिवशी पहिल्यांदा हातपाय गरम झाले, असे त्या म्हणाल्या. संध्याकाळी पोळ्या करायला घेतल्या तर शेगडी सपाट काचेची, ज्योतच नाही, आणि आम्ही नेलेला खोलगट तवा तिच्यावर डुगडुगत होता. त्यांनी कपाटातले सपाट तळाचे तळणीचे भांडे घेतले आणि सुती फडक्याची घडी करून कडेकडेने पोळी दाबली. ती टम्म फुगली. मी अठरा वर्षे पोळ्या करते आहे, पण हे मला ठाऊक नव्हते. वर्षातून कधीतरी भेटणाऱ्या सासूबाईंशी मी स्वयंपाकघरात निवांत अशी उभी राहिले ती त्या तीन संध्याकाळी. हॉटेलात ते झाले नसते.

तू "बनवलेले गाव" म्हणालास ते खरेच आहे, आणि तो शब्द मला खटकला नाही. पण ते का बनवावे लागले हे कळले तर तुझा राग थोडा उतरेल. पूर्वी इथली कामकरी कुटुंबे समुद्रकिनारी सुट्टीला जात आणि एखाद्या बाईच्या घरी खोली घेऊन राहत. नाश्ता झाला की ती त्यांना बाहेर काढी आणि जेवणाच्या वेळेपर्यंत परत येऊ देत नसे, मग बाहेर पाऊस असो की वारा. वेल्समधल्या बॅरी बेटावर मुलाबाळांसह पावसात भटकणारी अशी माणसे बिली बटलिन या गृहस्थांनी पाहिली, आणि १९३६ साली स्केगनेस येथे त्यांनी आपले पहिले सुट्टी शिबिर उघडले. १९३८ साली पगारी रजेचा कायदा झाला आणि अशा शिबिरांना गिऱ्हाईक मिळाले. जंगलातल्या घरांची कल्पना त्यापुढची, हॉलंडची. पीट डर्क्सन नावाच्या खेळसामानाच्या व्यापाऱ्याने १९६८ साली लिम्बर्ग प्रांतात झाडांमध्ये घरे बांधून सुरुवात केली. पुढे १९८० साली त्याने तलावावर छप्पर चढवले आणि सुट्टी पावसाच्या तावडीतून सुटली. सेंटर पार्क्स ही कंपनी ती. १९८७ साली ती इंग्लंडमधल्या शेरवूडच्या जंगलात आली, आणि तिच्या इथल्या गावांत छपराखालची हवा बाराही महिने २९.५ अंशांवर ठेवतात, म्हणजे नाशिकच्या फेब्रुवारीतल्या दुपारइतकी. आपल्याला मामाचा मळा आहे. द्राक्षांचा हंगाम संपला की मांडवाखाली खाट टाकायची, विहिरीवर आंघोळ करायची, आणि त्याचे कोणी पैसे मागत नाही. इथल्या बहुतेक कुटुंबांना असा मळा नाही, म्हणून ते त्याचे भाडे भरतात. इथे वाढणाऱ्या माझ्या मुलालाही तो नाही. दर दोन वर्षांनी तीन आठवडे निफाडला येऊन जितका मिळेल तितकाच.

मात्र कोणत्याही वेळी जाणे परवडते असे मी म्हणणार नाही. शाळांना सुट्टी लागली की याच घराचा भाव दुपटीच्याही वर जातो, आणि त्या भावाने जाणे मला चुकीचे वाटते. शाळा बुडवावी तर विनापरवानगी पाच दिवस गैरहजर राहिल्यास दंडाची नोटीस येऊ शकते, आणि दंड मुलामागे प्रत्येक पालकाला ८० पौंड, तोही २१ दिवसांत भरला तर, त्यानंतर १६०. सोमवार ते शुक्रवार गेलो तर बरोबर पाच दिवस भरतात. तुमच्या शाळेला मे महिन्यात सुट्टी लागेल, आणि इथे मेच्या शेवटच्या आठवड्यात एका आठवड्याची सुट्टी असते. तो आठवडा टाळायचा. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात एका सोमवारी आमच्या शाळेत शिक्षकांचे प्रशिक्षण आहे, त्या दिवशी मुलांना शाळा नसते. म्हणजे शुक्रवारी शाळा सुटल्यावर निघायचे आणि सोमवारी परत यायचे, एकही दिवस बुडत नाही. जूनमध्ये इथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो, त्यामुळे शुक्रवारी पाचला पोहोचलो तरी मुलांना चार तास सायकल मिळेल. सोमवारी दहाला घर सोडावे लागते, पण त्यानंतर दिवसभर गावात थांबता येते.

चार रात्री नकोत, तीन पुरेत, असे माझे ठाम मत आहे. या गावातून इंग्लंड दिसत नाही. जो इंग्लंड पाहायला म्हणून आला आहे त्याने तिथे जास्त दिवस घालवू नयेत. बाबांना लंडनमधले १०, किंग हेन्रीज रोड पाहायचे आहे, १९२१-२२ साली बाबासाहेब आंबेडकर जिथे राहिले आणि २०१५ साली महाराष्ट्र शासनाने जे घर विकत घेतले. ते त्यांनी पाहिलेच पाहिजे, आणि त्यातला एक दिवसही मी या गावासाठी कापणार नाही. म्हणून आधी लंडन, मग दोन दिवस आमच्याकडे विश्रांती, आणि शेवटी हे गाव, असा क्रम मी धरला आहे. पाय दुखून आल्यावर जंगलातला ओटा जास्त गोड लागतो.

बाबांच्या गुडघ्याचा विचार मी केला आहे. गावे मोठी असतात आणि कडेचे घर मिळाले तर तलावापर्यंत वीस-वीस मिनिटे चालावे लागते. थोडे जास्त पैसे भरले की मध्याजवळचे घर निवडता येते, आणि मी ते भरणार आहे. बाबांना सांगू नकोस. तळमजल्यावर न्हाणीघर असलेलेच घर घेईन. आईला पाण्यात उतरायचे असेल तर साडी चालत नाही, पण पोहण्याच्या कापडाचा पूर्ण बाह्यांचा आणि पायघोळ वेश चालतो, तो मी इथून घेईन. तिची इच्छा नसेल तर केळीशेजारची खुर्ची आहेच.

जेवणाचे काम सोपे आहे. आतल्या दुकानात सगळे महाग असते, म्हणून शुक्रवारी निघण्यापूर्वी बेलग्रेव्ह रोडवरून पीठ, डाळी, भाज्या आणि दही घेऊन जाऊ. एक संध्याकाळ मी करीन, एक वहिनी, आणि एक तुम्ही पुरुषमंडळी. खेळांपैकी फक्त एक नोंदवू, मुलांनी ठरवलेला, बाकी काही नाही. भाड्यातले तुम्ही निम्मे द्याल असे तू म्हणालास. तुम्ही विमानाचे आणि व्हिसाचे भरलेत ते पुष्कळ झाले, हे घर आमच्याकडून. यावर मला वाद नको आहे.

तरीही तुझ्या मनाला हे पटत नसेल तर मोकळेपणाने कळव. त्या तीन दिवसांत घरी राहू आणि जवळच्या जंगलात डबा घेऊन जाऊ, मला वाईट वाटणार नाही. पण जायचे ठरले तर पुढच्या रविवारपर्यंत सांग, कारण आठ जणांची घरे मोजकीच असतात आणि मध्याजवळची आधी संपतात. येताना मळ्यातले बेदाणे आण, आणि वहिनींना सांग की सपाट बुडाचा तवा आणू नये, मी घेतला आहे.

आई-बाबांना माझा साष्टांग नमस्कार सांग, छकुलीला खूप खूप गोड पापा. तिला भिंतीशी पाठ टेकवून उभी कर आणि तिची उंची व पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून लिहून पाठव. सायकल त्या मापाची घ्यावी लागते.

तुझी धाकटी बहीण