‘प्रोत्साहन’ नव्हे, पराणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

चिनी भाषेच्या अभ्यासाविषयी आपल्या दैनिकात आलेल्या लेखात ‘ब्येन-त्स’ या शब्दाचा अर्थ ‘प्रोत्साहन देणे’ असा दिला आहे. चार वर्षे ही भाषा शिकत असल्याने त्याबद्दल थोडे लिहावेसे वाटते.

प्रोत्साहनासाठी चिनीत ‘गू-ली’ हा नेहमीचा शब्द आहे. त्यातला ‘गू’ म्हणजे ढोल. चिनीच्या जुन्या ‘एचएसके’ या प्रावीण्य परीक्षेत तो चौथ्या पातळीलाच भेटत असे. ‘ब्येन-त्स’ मात्र सहाव्या, म्हणजे शेवटच्या पातळीच्या यादीत होता. त्यात ढोल नाही, चाबूक आहे. ‘ब्येन’ या १८ रेघांच्या अक्षरात डावीकडे कातड्याची खूण आहे, तर ‘त्स’च्या माथ्यावर बांबूची; घोडा हाकण्याची, टोकाला अणी असलेली काठी हा त्याचा जुना अर्थ. तो वाचला आणि आमच्या बैलगाडीत खोचलेली पराणी डोळ्यांपुढे आली. वडील ती क्वचितच टोचत. नुसती उचलली तरी बैल चाल बदलत.

सत्काराला उत्तर देताना ‘हा गौरव माझ्यासाठी गू-ली आहे, तसाच ब्येन-त्सही आहे’ असे म्हणण्याची चीनमध्ये रीत आहे. कौतुकाने हुरूप येतो आणि आता कमी पडून चालणार नाही ही जाणीवही बोचते, असा त्याचा भाव. दोन्ही ठिकाणी ‘प्रोत्साहन’ लिहिले, तर या वाक्यात काहीच उरत नाही. शिवाय ‘ब्येन-त्स’ हा शब्द माणूस स्वतःलाही लावतो, आणि त्यात अपमान नसतो.

अर्थात, पराणी हाती असली म्हणजे हाकता येतेच असे नाही. तांग काळातील हान यू (७६८–८२४) यांनी उत्तम घोड्यावर लिहिलेला छोटा निबंध चिनी मुले शाळेत वाचतात. त्यातला मालक घोड्याला धड हाकत नाही, पोटभर चारा देत नाही, त्याचे खिंकाळणे त्याला समजत नाही, आणि हातात तीच ‘त्स’ धरून त्याच्यासमोर उभा राहून तो म्हणतो की, जगात चांगला घोडाच नाही!

मराठीत ‘टोचणी’ हा शब्द जवळचा आहे, पण त्याला अपराधी मनाची छटा आहे. म्हणून ‘पराणी लावणे’ हाच प्रतिशब्द मला योग्य वाटतो. लेखमालेच्या पुढील भागात तशी दुरुस्ती करावी, ही विनंती.

आपली,
एक वाचक, सातारा