बिनपासपोर्टाची नात

भैरहवा, शनिवार

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न.

आधी सांगून टाकते, मग बाकीचं. परवा गुरुवारी आम्ही सोनौलीची सीमा ओलांडून नेपाळात आलो. मी, छकुली आणि तुमचे जावई. छकुलीचा पासपोर्ट अजून झालेला नाही. बुधवारी रात्री मी फोनवर "अजून काही ठरलं नाही" म्हणाले, तेव्हा बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या होत्या. बाबा, रागवायचं तर रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही नुसतं "बरं" म्हणाला असता, आणि तुमचं ते "बरं" ऐकून मी निघूच शकले नसते.

तुम्ही म्हणत होता, पासपोर्ट होईपर्यंत आमच्याकडे येऊन राहा. आले असते. पण आले असते तर परत निघवलं नसतं, हे आई, तुलाही ठाऊक आहे. इकडे यांची बदली झाल्यापासून शुक्रवारी रात्री गोरखपूरला यायचं, शनिवारची एक सुट्टी घालवायची (इथे आठवड्याची सुट्टी शनिवारी) आणि रात्री परत. जेमतेम शंभर किलोमीटरचं अंतर, पण पोरीला बाप आठवड्यातून एक दिवस. गेल्या महिन्यात यांनी उचलून घेतलं तर ती अशी किंचाळली, जसं कुणी परकं माणूस घरात शिरलंय. हे काही बोलले नाहीत. बाल्कनीत जाऊन वाळलेले कपडे काढत बसले. त्या दिवशी माझं ठरलं. थंडीतलं धुकं सरेपर्यंत थांबले, सर्दी बरी होईपर्यंत थांबले, डॉक्टरांना विचारलं, तेव्हा कुठे निघाले. उगाच धाडस म्हणून केलेलं नाही.

पासपोर्टला उशीर झाला तो नावापायी, आणि नावाचा घोळ आपल्याच घरातला, त्यामुळे बोल कुणाला लावणार? जन्मदाखल्यावर नावाचा रकाना रिकामाच होता. वर्षाच्या आत नाव घातलं तर फी पडत नाही, ते काम उरकलं. आता पासपोर्टचा अर्ज आम्ही दोघांच्या सह्यांनी करणार आहोत. कुठे तिसऱ्या देशात जायचं झालं तर तो लागणारच. पण बाबा, भारत आणि नेपाळ यांच्यामध्ये तो लागत नाही.

हे तुमच्यासाठी, सावकाश वाचा. मोठ्या माणसाकडे पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. पंधरा वर्षांच्या आतल्या आणि पासष्टच्या वरच्या माणसांना तेही नको. वय आणि ओळख पटेल असा फोटोचा कागद पुरतो, आणि २०१९पासून त्यात आधारही चालतं. राहण्याबद्दल तुम्हाला शंका असणार, तर १९५०चा भारत-नेपाळ करार आहे, त्याचं सातवं कलम. दोन्ही देशांच्या लोकांना एकमेकांकडे राहण्याची, व्यवसायाची मुभा. तुम्ही पडताळून पाहणारच, म्हणून कलमाचा आकडा देते. आता नियम पुन्हा एकदा वाचा. पंधराच्या आतले आणि पासष्टच्या वरचे. म्हणजे एकाहत्तराचे तुम्ही आणि सात महिन्यांची ती, दोघं एकाच रांगेत. मी हे वाचलं तेव्हा एकटीच हसत बसले होते.

आता प्रवास. बसने नाही, भरगच्च जीपने नाही, सरळ टॅक्सी केली, म्हणजे आईने तो विषय काढू नये. सोनौलीच्या अलीकडे ट्रकांची रांग लागलेली, संपता संपत नव्हती. टॅक्सी पलीकडे न्यायची तर भन्सारचा कागद करावा लागतो, भन्सार म्हणजे इथलं कस्टम, म्हणून कमानीच्या अलीकडे उतरून चालत निघालो. सीमा म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर काटेरी तार येत असेल. इथे बायका भाजीच्या पिशव्या घेऊन जा-ये करत होत्या, एक जण सायकलच्या कॅरिअरला पंखा बांधून चालला होता. कुणी कुणाकडे बघतसुद्धा नव्हतं.

आम्हाला मात्र थांबवलं. सशस्त्र सीमा बलाच्या एक बाई पुढे आल्या आणि म्हणाल्या, "बच्चा किसका है?" आई, आपल्या कडेवरच्या लेकराबद्दल असं कुणी विचारलं की काय होतं ते सांगता येत नाही. काही सेकंद मला "मेरा" एवढा शब्दही फुटेना. नंतर वाटलं, विचारलं तेच बरं. या सीमेवरून मुलांना पळवून नेतात, त्यांचं ते कामच आहे. मी फाइल काढली. हो बाबा, हिरवी फाइल, तुमचीच सवय. जन्मदाखला मूळ प्रतीसह, तिचं निळं बाल आधार, आणि माझा पासपोर्ट. त्यावर अजून माहेरचंच नाव आहे, मध्ये तुमचं आणि शेवटी आपलं आडनाव, म्हणून लग्नाचा दाखलाही जोडला होता. बाईंनी आधारवरचा फोटो पाहिला, मग छकुलीकडे, मग परत फोटो. फोटोत टक्कल, आता डोक्यावर एवढं जावळ. आधार काढताना पाच वर्षांखालच्या पोरांच्या बोटांचे ठसे घेत नाहीत, त्यामुळे ओळख काय ती त्या चेहऱ्यावरच, आणि चेहरा तर दर आठवड्याला बदलतोय. तेवढ्यात पोरीने त्यांच्या शिट्टीची दोरी पकडली आणि तोंडात घातली. दोरी सोडवायला जो वेळ गेला तोच, कागदांना फारसा लागला नाही. पलीकडच्या बाजूला आम्हाला कुणी हटकलंच नाही.

थोड्या वेळाने मोबाइल पाहिला तर घड्याळ पंधरा मिनिटं पुढे. नेपाळात आल्याची तेवढीच खूण.

माझ्या लहानपणच्या इटारसीची आठवण काढू नका, मीच रस्ताभर काढत होते. गर्दीत निघण्याआधी तुम्ही माझ्या फ्रॉकला आतून कागद टाचायचात, नाव, पत्ता, घरमालकांचा फोन. बॉलपेनची शाई घामाने पसरायची आणि बनियनवर निळा डाग पडायचा. आई तो डाग घासताना तुम्हाला बोलायची, आणि पुढच्या प्रवासाला तुम्ही पुन्हा कागद टाचायचात. मला तेव्हा लाज वाटायची. शाळेच्या सहलीला जाताना तो काढून चपलेत लपवला होता, ते तुम्हाला आज पहिल्यांदा सांगते.

आई, तुझ्यासाठी. नेपाळ म्हणजे बर्फ, हे डोक्यातून काढ. भैरहवा तराईत आहे, समुद्रसपाटीपासून जेमतेम शंभर मीटरवर, हवा अगदी गोरखपूरसारखी. दोन खोल्या आहेत, दक्षिणेला खिडकी, दुपारी छकुलीच्या अंगावर ऊन येतं. पाणी उकळूनच देते. मच्छरदाणी दोन विकत घेतल्या, एक तिला, एक आम्हाला. लसींचं कार्ड फाइलमध्येच आहे, आता नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची, ती इथेही त्याच वयात देतात. तू शिवलेली गोधडी आणली आहे, तिच्याशिवाय ती झोपतच नाही. पैशाचं म्हणशील तर आपल्या शंभराचे इथले एकशे साठ, भाव ठरलेलाच आहे, १९९३पासून, त्यामुळे हिशेब सोपा. आणि हो, घरी आले की हे तिला घेतात. पहिल्या रात्री रडली, काल फक्त ओठ काढले. आज यांचा चष्मा ओढून पाहिला.

आता तुमच्या दोघांसाठी कामं. बाबा, मोतीबिंदू. दोन वर्षं "बघू" चाललंय. इथलं डोळ्यांचं मोठं रुग्णालय आहे, भारतातून माणसं सीमा ओलांडून ऑपरेशनला येतात, तुम्हाला तर आधारवर यायचंय. तिकडेच करून घेणार असाल तर उत्तमच, पण तारीख मला पुढच्या फोनवर हवी. बीपीची गोळी सकाळी चहाआधी, "नंतर घेतो" नाही. आई, तू अजून पासष्टची नाहीस, त्यामुळे तुला मतदार ओळखपत्र लागेल. ते कपाटाच्या खालच्या खणात, जुन्या वीजबिलांच्या खाली आहे. त्यावरचा फोटो तुला आवडत नाही हे माहीत आहे, तरी काढून ठेव. आणि गुडघ्यासाठी जिन्याने वर-खाली कमी कर, कपडे वाळत घालायला बाबांना पाठव, त्यांना काही होत नाही.

तुम्हाला न सांगता आले, याचं मला वाईट वाटतंय. पुन्हा असं करणार नाही असं मात्र लिहीत नाही, कारण तसं लिहिलं की बाबा ते जपून ठेवतील.

फोन रात्री नऊला करा, आमचे सव्वानऊ होतात, ती झोपलेली असते. व्हॉट्सॲपवरच करा.

तुमची,
चिमी

ता. क. छकुलीच्या झबल्याला आतून कागद टाचला होता. पेन्सिलीने लिहिला, डाग पडू नये म्हणून. एकीकडे यांचा नंबर, दुसरीकडे तुमचा. तेव्हा बाबा, ९७७ने सुरू होणारा अनोळखी नंबर आला की फसवणूक म्हणून कापत जाऊ नका.