थर्मोस्टॅट विकणाऱ्या कंपनीनेच ‘काढून टाका’ म्हणावे?

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : सदोष थर्मोस्टॅट, नाकारलेली वॉरंटी आणि आपल्या तांत्रिक कक्षाचा सल्ला

महोदय,

आपल्या ग्राहक सेवा केंद्राशी आज दुपारी झालेले बोलणे संपल्यावर लगेच हे पत्र लिहीत आहे, कारण यापुढे फोनवर बोलण्याची माझी तयारी उरलेली नाही.

माझ्या पेट्रोल गाडीचा जुना थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कुलंट रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप, बंद स्थितीत अडकला होता. पुण्यात सिग्नलला उभे राहिले की तापमानाचा काटा चढायचा आणि रेडिएटरकडे जाणारा वरचा होज मात्र गारच असायचा. आपला ८२ अंशांचा थर्मोस्टॅट मी आपल्याच संकेतस्थळावरून घेतला, आणि घेण्याचे कारणच हे की खोक्यावर ‘घरच्या घरी बसवा’ असे ठळक छापलेले असून आत सचित्र पत्रकही आहे. त्या पत्रकाबरहुकूम इंजिन पूर्ण थंड असताना कुलंट काढले, हाउसिंगवर चिकटलेले जुने सील खरवडून काढले, हवा निसटू देणारी जिगल पिन वरच्या बाजूस ठेवली, बोल्ट टॉर्क रेंचने आवळले, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मे-निम्मे मिसळलेले नवे कुलंट भरले आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून हवा काढली.

काही आठवड्यांतच उलटा त्रास सुरू झाला. खंबाटकीचा उतार लागला की काटा तळाशी जाऊ लागला, अ‍ॅव्हरेज घसरले आणि इंजिनचा दिवा लागला. स्कॅनरवर पी ०१२८ हा कोड आला. कुलंट थर्मोस्टॅटच्या ठरलेल्या तापमानापर्यंत पोहोचत नाही, हा त्याचा अर्थ आपणास सांगायला नकोच. थर्मोस्टॅट पुन्हा बाहेर काढला. मिटलेल्या झडपेत दोरा अडकवून तो पातेल्यातल्या पाण्यात टांगायचा, पाणी तापवायचे आणि झडप उघडून तो ज्या तापमानाला दोऱ्यावरून सुटतो ते थर्मामीटरवर पाहायचे, ही साधी परीक्षा आपल्या कारखान्यातही कोणाला तरी ठाऊक असेल. आपल्या थर्मोस्टॅटने दोरा धरलाच नाही. झडप गार असतानाही एका बाजूने तिरकी होऊन उघडीच होती आणि फटीतून पलीकडचा उजेड दिसत होता.

वॉरंटी मागितली तर उत्तर मिळाले की अधिकृत वर्कशॉपचे बिल नसल्याने ती लागू होत नाही. ‘घरच्या घरी बसवा’ असे छापून माल विकायचा आणि घरी बसवला म्हणून वॉरंटी नाकारायची, हे धोरण ज्यांनी आखले त्यांनी आपलेच खोके कधी हातात घेतले आहे काय?

तरीही हे पत्र त्यासाठी लिहिले नसते. आज मी बराच आग्रह धरल्यावर, आणि तेच संगीत पुन्हा पुन्हा ऐकल्यावर, फोन आपल्या तांत्रिक कक्षाकडे देण्यात आला. तेथील गृहस्थांनी चाचणीची हकिगत ऐकून घेतली आणि म्हणाले, “सर, तुम्ही पार्ट गरम पाण्यात टाकला ना, त्यानेच तो खराब झाला असणार.” हा भाग इंजिनात कशात बुडालेला असतो, असे मी विचारले. थोडा वेळ शांतता होती. मग ते समजावणीच्या सुरात म्हणाले, “सर, खरं सांगू का, तो काढूनच टाका. आपल्याकडे एवढी गरमी असते, थर्मोस्टॅटची गरजच काय? खूप कस्टमर तशीच गाडी चालवतात.”

महोदय, आपण थर्मोस्टॅट विकता. आपल्या या भागाला खाली बायपास बंद करणारी चकती आहे, हे आपणास माझ्यापेक्षा नक्कीच अधिक माहीत आहे. तो काढून टाकला तर बायपास कायमचा उघडा राहतो, गरम कुलंटचा काही भाग रेडिएटर टाळून इंजिनातच फिरत राहतो आणि भर उन्हात घाट चढताना इंजिन तापण्याचा धोका वाढतो. उलट थंडीत सकाळी ते लवकर तापत नाही, पेट्रोल अधिक जळते आणि ऑइलमधील ओलावा उडत नाही. आपल्या पत्रकातही ‘थर्मोस्टॅटविना इंजिन चालवू नये’ असेच छापलेले आहे. हे वाक्य मी त्या गृहस्थांना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी मला “आणखी काही मदत करू शकतो का?” असे विचारले. आणखी मदत सोसण्याची माझ्या इंजिनाची ताकद नाही.

आपले नाव पाहून मी स्वस्तातला भाग नाकारला होता, याचे आता वाईट वाटते. थर्मोस्टॅटची पूर्ण किंमत व पुन्हा भरावे लागलेल्या कुलंटचा खर्च मला परत मिळावा, आणि घरी बसवलेल्या भागाला वॉरंटी आहे की नाही हे लेखी कळवावे. नसेल तर खोक्यावरील तो मजकूर काढावा. बदली थर्मोस्टॅट पाठवू नये; मी दुसऱ्या कंपनीचा बसवला आहे.

१५ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे तक्रार दाखल करीन. ती मी राहतो त्या जिल्ह्यातच करता येते आणि एवढ्या रकमेला शुल्कही लागत नाही, ही माहिती आपल्या विधी विभागाकडे असेलच. सदोष थर्मोस्टॅट माझ्याकडे जपून ठेवला आहे. तो आयोगापुढेही दोरा धरणार नाही.

आपला,
एक ग्राहक, पुणे

सोबत : खरेदीची पावती, खोक्याचे व पत्रकाचे छायाचित्र, चाचणीची चित्रफीत, स्कॅनरचा अहवाल