डेटाबेस क्लायंट निवडायला शिकवणाऱ्या मॅडमना

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

ग्राहकांच्या टेबलवर मी अपडेट क्वेरी (माहिती बदलण्याची आज्ञा) चालवली, सिलेक्शन करताना कोणत्या नोंदी बदलायच्या हे सांगणारी व्हेअरची शेवटची ओळ बाहेर राहिली आणि क्षणात सगळ्याच रो (नोंदी) बदलल्या. सर्व्हर टेस्टचा होता म्हणून निभावले. त्या दिवशी हातातले काम बाजूला ठेवून आपण माझ्या शेजारी येऊन बसलात, त्याबद्दल आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र.

सर्वांत चांगला क्लायंट, म्हणजे डेटाबेसला जोडून क्वेरी चालवण्याचे सॉफ्टवेअर, कोणता, एवढेच मी विचारले होते. आपण उलट मलाच विचारलेत, की दिवसभरात कोणकोणत्या डेटाबेसशी माझा संबंध येतो. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट अशी तिन्ही नावे ऐकताच पीजीअ‍ॅडमिन आणि मायएसक्यूएल वर्कबेंच हे क्लायंट बाजूला पडले, कारण दोन्ही आपापल्या डेटाबेसपुरतेच आहेत. डेटाग्रिप या आणखी एका क्लायंटच्या ऑटोकम्प्लीटचे आपण मनापासून कौतुक केलेत. शेवटी डीबीव्हर ठरला: जेडीबीसी ड्रायव्हर (जावा प्रोग्रामला डेटाबेसशी जोडणारा दुवा) उपलब्ध असेल अशा जवळपास कोणत्याही डेटाबेसला तो जोडता येतो आणि त्याची कम्युनिटी आवृत्ती मोफत व मुक्तस्रोत आहे. जावावर चालत असल्यामुळे तो उघडायला वेळ लावतो आणि मेमरीही बरीच खातो, हेही आपण आधीच सांगून ठेवलेत.

माझ्या दृष्टीने खरी मदत त्यानंतरची होती. प्रत्येक कनेक्शनचा प्रकार आपण माझ्याकडून नीट भरून घेतलात. प्रॉडक्शन (प्रत्यक्ष वापरातला डेटाबेस) निवडताच एडिटरला लालसर रंग चढला आणि ऑटो-कमिट, म्हणजे बदल आपोआप कायम होणे, बंद झाले. तेव्हापासून अपडेट चालवल्यावर किती रो बदलल्या तो आकडा मी आधी वाचते. १ अपेक्षित असताना ४,००० दिसले, तर रोलबॅक करते, म्हणजे तो बदल मागे घेते. मात्र मायएसक्यूएलमध्ये ड्रॉप टेबलसारखी (टेबलच काढून टाकणारी) आज्ञा स्वतःच कमिट होते, तिथे रोलबॅकचा उपयोग नाही, आणि पोस्टग्रेसमध्ये ट्रान्झॅक्शन उघडे ठेवून, म्हणजे बदल कायम किंवा रद्द न करता, जेवायला गेले तर माझ्या लॉकमुळे इतरांची कामे अडतात, हे आपण सांगितले नसते तर मॅन्युअल कमिटच्या भरवशावर मी निर्धास्त राहिले असते. निकाल दाखवणाऱ्या ग्रिडमध्ये सुरुवातीला २०० रोच येतात, तेव्हा एकूण संख्या काउंट या मोजणीच्या क्वेरीनेच पाहावी, ही सूचनाही रोज उपयोगी पडते.

क्लायंटमधली रीड-ओन्ली (फक्त वाचण्यापुरती) खूण कोणीही काढू शकतो, म्हणून आपण प्रॉडक्शनसाठी सर्व्हरवरच फक्त वाचण्याचा अधिकार असलेले वेगळे युजर खाते मला काढून दिलेत. माझे रोजचे निम्मे काम आज त्याच खात्यावरून चालते.

आपली कृतज्ञ,
एक कनिष्ठ सहकारी