दोन पेट्या, एकच पत्ता : वरच्या मजल्यावरच्या काकांना आभाराचे पत्र

मुलुंड (पूर्व), मुंबई

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आभार खरे तर जिन्यात भेटल्यावरही मानता आले असते. परंतु आपल्या इमारतीत आणखी काही घरी याच महिन्यात मोडेम, म्हणजे कंपनीची लाइन घरात आणणारी पेटी, बदलून मिळाले आहेत आणि माझ्यावर आलेली वेळ त्यांच्यावरही येऊ शकते, म्हणून हे पत्र सर्वांना वाचता येईल असे उघड लिहीत आहे.

गणपती चार दिवसांवर आले होते आणि एका दिवाळी अंकाची मुद्रिते मला त्याच संध्याकाळी तपासून पाठवायची होती. सकाळी इंटरनेट कंपनीचा मुलगा जुना मोडेम काढून नवा बसवून गेला, आणि तो लिफ्टमध्ये शिरतो न शिरतो तोच घरातले इंटरनेट बंद पडले. मोबाइलवर वायफायच्या सगळ्या रेघा भरलेल्या दिसत होत्या, पण शेजारी उद्गारचिन्ह होते. तक्रार क्रमांकावर मला राऊटर, म्हणजे मोडेमकडून इंटरनेट घेऊन घरभर वायफाय देणारी दुसरी पेटी, बंद करून पुन्हा चालू करायला पाच वेळा सांगण्यात आले; सहाव्या वेळी, लाइन आमच्याकडून व्यवस्थित आहे, राऊटर तुमचा स्वतःचा आहे आणि माणूस आता विसर्जनानंतरच येईल, असे उत्तर मिळाले. त्यातले पहिले दोन मुद्दे खरे होते, हे मान्य करायला हवे. लॅमिंग्टन रोडवर जाऊन नवा राऊटर आणण्यासाठी मी पायांत चपला सरकवल्या होत्या, तेवढ्यात आपण दारात भेटलात आणि म्हणालात, “आधी बघू तर दे. दुकान कुठे पळून जात नाही.”

टेलिफोन खात्यात उमेदवारी केलेल्या माणसाची शिस्त मी त्या दिवशी पाहिली. आपण एकाही तारेला हात लावला नाही. प्रथम मला कागद-पेन्सिल घेऊन मोडेमवरचे दिवे लिहून काढायला लावलेत : पॉन (फायबरची जोडणी दाखवणारा) हिरवा आणि स्थिर, लॉस (प्रकाश तुटल्याची खूण) विझलेला. लॉसचा दिवा लाल झाला असता तर फायबरमधून प्रकाशच येत नाही असा अर्थ झाला असता, आणि मग कंपनीच्या माणसाची वाट पाहण्यावाचून इलाज नव्हता. त्यानंतर राऊटरकडे जाणारी तार काढून आपण ती थेट माझ्या लॅपटॉपला जोडलीत आणि इंटरनेट सुरू झाले. मी लगेच म्हणाले, “म्हणजे राऊटरच बिघडला.” आपण नुसती नकारार्थी मान हलवलीत, तार पुन्हा जागेवर लावलीत आणि राऊटरच्या पोटाखालच्या चिकटपट्टीवरचा पासवर्ड मला मोठ्याने वाचायला सांगितलात.

त्या पासवर्डने लॅपटॉपवर राऊटरचे सेटिंगचे पान उघडल्यावर आपण पडद्यावरच्या दोन ओळींखाली बोट ठेवलेत, ते मला अजून डोळ्यांसमोर दिसते. बाहेरच्या बाजूला, म्हणजे मोडेमकडून राऊटरला मिळालेला पत्ता (जाळ्यात प्रत्येक यंत्राला ओळखण्याचा आकडा, आयपी पत्ता) १९२.१६८.१.२ होता आणि पुढचे दार म्हणून मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ दिलेला होता. आतल्या बाजूला राऊटरचा स्वतःचा पत्ताही १९२.१६८.१.१ हाच होता. जुन्या मोडेमचा पत्ता वेगळा असल्यामुळे चार वर्षे काही अडले नाही. नवा मोडेम आला आणि राऊटरच्याच पत्त्यावर राहायला बसला. बाहेर पाठवायचे प्रत्येक टपाल ज्या पत्त्यावर द्यायचे तो पत्ता स्वतःचाच निघाल्यावर बिचारा राऊटर ते टपाल बाहेर काढणार कसे?

हा पत्ता तर लाखो घरांत असतो, मग त्यांचे कसे चालते, या माझ्या प्रश्नावर आपण आपल्या सोसायटीचाच दाखला दिलात : अ आणि ब या दोन्ही विंगांत १०१ क्रमांकाचे घर आहे, त्याने कोणाचे बिघडत नाही, एकाच विंगेत दोन १०१ झाले तर मात्र रखवालदाराची पंचाईत होते. १९२.१६८ने सुरू होणारे पत्ते १९९६ सालच्या नियमानुसार खासगी वापरासाठीच राखून ठेवलेले आहेत, आणि जगातले जुन्या पद्धतीचे (आयपीव्ही४) एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटीच असल्यामुळे ही काटकसर करावी लागते, हेही मला तेव्हाच कळले.

उपाय दोन मिनिटांचा निघाला. राऊटरचा आतला पत्ता आपण १९२.१६८.१०.१ असा केलात. जतन केल्यावर पान जे अडकले ते उघडेना, तेव्हा माझा जीव वर गेला. पण राऊटर आता जुन्या पत्त्यावर राहतच नाही, नवा पत्ता टाक, असे म्हणून आपण हसलात. मोबाइलचे वायफाय एकदा बंद करून चालू केले आणि उद्गारचिन्ह गेले. मोडेमला नुसता पूल बनवून, म्हणजे लाइन जशीच्या तशी पुढे द्यायला लावून, सगळे काम राऊटरकडे देण्याचा मार्गही होता, परंतु त्यासाठी कंपनीचे लॉगिन मागावे लागले असते. घराबाहेरून कॅमेरा पाहायचा नसेल तर त्याची घाई नाही, हा आपला सल्ला मला पटला.

एक गोष्ट मात्र रात्री लक्षात आली. प्रिंटरला मी कधी काळी १९२.१६८.१.५० हा पत्ता कायमचा देऊन ठेवला होता, त्यामुळे तो कोणाला सापडेना. आपल्याला पुन्हा जिने उतरायला न लावता मी त्याच्याच बटणांवरून १ च्या जागी १० केले आणि लॅपटॉपवर तो नव्याने जोडला. मुद्रिते तोवर वेळेत पोहोचली होती.

दिव्यांचे रंग आणि दोन्ही पत्ते लिहिलेला तो कागद मी राऊटरच्या मागे चिकटवला आहे. त्याची एक प्रत जिन्याखालच्या सूचनाफलकावर लावण्याची आपली परवानगी असावी; पासवर्डची ओळ मी खोडली आहे.

आपली नम्र,
तिसऱ्या मजल्यावरची शेजारीण